पंख दाखव, कूळ सांगतो!

मधमाशीचं कूळ रंगावरून ठरवायला गेलात, तर हमखास फसाल. राणी एकच असली तरी ती दहा-वीस नरांशी संग करते. त्यामुळे एकाच पोळ्यात पिवळसर आणि काळपट बहिणी सुखाने नांदतात. म्हणून अभ्यासक धरतात पंख!

१९ खुणा : पुढच्या पंखाचा फोटो काढायचा आणि शिरा जिथे एकमेकींना मिळतात, अशा १९ जागा संगणकावर टिपायच्या. पंख मोठा की छोटा हे बाजूला ठेवून फक्त शिरांची ठेवण तपासायची. कारण जुन्या पोळ्याच्या अरुंद झालेल्या घरात वाढलेली माशी जरा लहानखुरीच निघते.

भागाकाराची कमाल : पंखावरच्या एका ठरावीक शिरेचे दोन तुकडे मोजा आणि लांब तुकड्याला आखूड तुकड्याने भागा. हा झाला ‘क्युबिटल इंडेक्स’. उत्तर-पश्चिम युरोपातल्या काळ्या माशीत तो साधारण १.७ येतो, तर स्लोव्हेनियाच्या कार्निओलन माशीत २.७ च्या आसपास.

लांबीही बोलते : १९५७ मध्ये ब्राझीलमध्ये आफ्रिकी राण्या थव्यांसह निसटल्या. त्यांची तापट संकरित प्रजा १९९० मध्ये थेट टेक्सासला पोचली. ती ओळखण्याची अमेरिकेतली झटपट चाचणी म्हणजे पुढच्या पंखाची लांबी. सरासरी ९ मिलिमीटरच्या खाली आली की संशय बळावलाच! मग पुढच्या तपासण्या.

जळाल्या, तरी ओळखल्या : इस्रायलमधल्या तेल रेहोव्ह इथे उत्खननात सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या मधपेट्या सापडल्या. आत माश्यांचे कोळसा झालेले अवशेष होते. पंख आणि पाय मोजल्यावर त्या स्थानिक माश्यांपेक्षा तुर्कस्तानातल्या अनातोलियन माश्यांशी जास्त जुळल्या. म्हणजे तेव्हाचे मधपाळ बहुधा शेकडो किलोमीटरवरून माश्या मागवत होते!

आईकडचं, बापाकडचं : मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईचं घराणं सांगतो. पंखाच्या ठेवणीत मात्र दोन्हीकडचा वारसा उतरतो. पण पिढ्यान्‌पिढ्या संकर झालेला असेल, तर एकटा पंख चकवतो. तिथे पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएची साक्ष काढावी लागते.

सातेरी की मेलिफेरा? : ही ओळख तर भिंगानेही पटते. आपल्या सातेरीच्या मागच्या पंखावर एक छोटी शीर आडव्या शिरेला ओलांडून पुढे निघालेली दिसते. मधपेट्यांतून पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मेलिफेरात ती नसते. करून बघायचंय? पेटीसमोर मरून पडलेली माशी उचला. जिवंत माशीला कूळ विचारलंत, तर उत्तर पंखाने नाही, नांगीने मिळेल!