'मी' हरवलेल्या पुस्तकाचा प्रवास

आयन रँडची 'अँथम' लिहून झाली १९३७च्या उन्हाळ्यात. तिचं 'द फाउंटनहेड' हे मोठं पुस्तक लिहिताना अडलं होतं, तेवढ्या सवडीत. 'अँथम'चं आधीचं नाव होतं 'इगो'. या कादंबरीतल्या समाजात 'मी' हा शब्दच उरलेला नाही. नायकाचं नाव समता ७-२५२१, आणि एकटा असला तरी तो स्वतःला 'आम्ही' म्हणतो. (जुन्या अग्रलेखांच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही!)

रँड अमेरिकेत राहत होती, पण तिथल्या प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारलं. १९३८ साली लंडनच्या कॅसल कंपनीने पुस्तक काढलं. अमेरिकेत ते यायला १९४६ उजाडलं, तेही लॉस एंजेलिसच्या 'पॅम्फ्लेटियर्स' या छोट्या संस्थेकडून. दरम्यान 'द फाउंटनहेड' (१९४३) गाजलं होतं. या अमेरिकन आवृत्तीसाठी 'अँथम'ची जुनी ब्रिटिश प्रत पुढ्यात घेऊन रँडने ओळीमागून ओळी खोडल्या, अलंकार छाटले. कथानकाला मात्र धक्का लावला नाही. तिच्या हस्ताक्षरातल्या खाडाखोडीसह ती ब्रिटिश आवृत्ती १९९५च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत जशीच्या तशी छापली आहे. लेखनाची शिकवणी हवी असेल तर ती पानं पाहावीत. त्याआधी १९५३मध्ये कॅक्स्टन या प्रकाशनसंस्थेची, १९६१मध्ये स्वस्त कागदी बांधणीची आवृत्ती आली.

अशाच समूहवादी समाजावरची, रशियन लेखक झाम्यातिनची 'वुई' ही कादंबरी 'अँथम'च्याही आधीची. ती १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतून आली. सोव्हिएत रशियात छापली गेली १९८८ साली.

'द फाउंटनहेड' मराठीत आणलं मुग्धा कर्णिक यांनी. 'अँथम'च्या अनुवादकाला मात्र पहिल्याच पानावर ठरवावं लागेल: 'आम्ही' की 'आपण'?