नात्याबाहेरचा शोक: सहकारी आणि स्नेह्यांच्या मृत्यूविषयीचे काही समज

शोक हा रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्याचा असतो आणि स्नेह्यासोबत्यांना वाटते ती केवळ हळहळ, हा समज इतका रुळलेला आहे की कार्यालयांचे नियमही त्याच्याच आधारे घडलेले दिसतात. शोकरजा जिथे मिळते तिथे ती बहुधा जवळच्या नातलगांपुरती असते, आणि पंचवीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसासाठी शोकसभा व दोन मिनिटांची स्तब्धता पुरेशी मानली जाते. परंपरेनेही सुतक फक्त भाऊबंदांपुरतेच ठेवले, असे यावर सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आचार्याच्या मृत्यूनंतर तीन रात्रींचे अशौच सांगितले असून शिष्य आणि ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म चालवणारा पुरोहित, यांच्यासाठी ‘पक्षिणी’ सांगितली आहे. पक्षिणी म्हणजे एक रात्र आणि तिच्या अलीकडचा व पलीकडचा दिवस. महालयातील तर्पणातही गुरू आणि सखा यांना स्थान आहे. अशौच ही शुद्धाशुद्धतेची कल्पना आहे, दुःखाचे माप नव्हे, हे मान्य केले तरी एकत्र शिकण्याने आणि एकत्र काम करण्याने जडणारे नाते कुळाबाहेरचे असूनही नोंद घेण्याजोगे आहे, एवढे या तरतुदींवरून निश्चित दिसते.

ज्या दुःखाला समाज उघड मान्यता देत नाही, ज्याचे जाहीर सांत्वन होत नाही, त्याला अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला ‘अमान्य शोक’ म्हणता येईल. अशा शोकात दुःख कमी नसते, फक्त ते बोलून दाखवण्याचा अधिकार कमी असतो, आणि ‘घरचे तर नव्हते ना, मग एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ हे समजुतीचे वाक्य तो अधिकारही काढून घेते. ऑस्ट्रेलियातील दीर्घकालीन कुटुंब-सर्वेक्षणाच्या आधारे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 26,515 व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. त्यांपैकी 9,586 जणांनी किमान एक जवळचा मित्र गमावला होता. मित्राच्या मृत्यूचा शारीरिक व मानसिक आरोग्यावरील आणि सामाजिक वावरावरील परिणाम चार वर्षांपर्यंत आढळला, तेव्हा ‘चार दिवसांत सावरेल’ हा अंदाज किती उथळ आहे ते लक्षात यावे.

दुसरा समज असा की ज्याच्याशी मतभेद झाले, अबोला धरला गेला, त्याच्या जाण्याचे दुःख सौम्य असते. टिळक आणि आगरकर यांचे उदाहरण याच्या नेमके विरुद्ध आहे. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, 1881 मध्ये ‘केसरी’, 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस, असा दोघांचा एकत्र प्रवास होता. पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर वाटा फुटल्या, आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोन पत्रांतून एकमेकांवर कठोर टीका होऊ लागली. तरीही 17 जून 1895 रोजी आगरकरांचे निधन झाल्यावर ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांचाच होता, आणि तो सांगताना त्यांना अश्रू आवरत नव्हते असे चरित्रांत सांगितले जाते. वादामुळे नाते संपत नाही, ते अपुरे राहते. समेट होण्याची शक्यता मृत्यूने कायमची मिटल्यामुळे अशा शोकात अपराधभाव मिसळतो आणि तो अधिकच गुंतागुंतीचा होतो.

शोकाच्या पाच ठरावीक पायऱ्या असतात (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) ही समजूत स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकामुळे पसरली. परंतु ते पुस्तक स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेले होते, मागे राहिलेल्यांच्या नव्हे. मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेले ‘द्विप्रक्रिया प्रतिमान’ वास्तवाच्या अधिक जवळ जाणारे वाटते: माणूस कधी गमावलेल्या व्यक्तीकडे वळतो, कधी बदललेल्या आयुष्याच्या व्यवस्थेकडे, आणि या दोहोंत हेलकावे घेतो. सहकाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही टोके एकाच टेबलावर येतात, ही त्याची खास अवघड बाजू आहे. मृताच्या नस्त्या ज्याच्याकडे सोपवल्या जातात त्याला काम पुढे नेण्यासाठीच त्या उघडाव्या लागतात, आणि समासात त्याच ओळखीच्या अक्षरातला शेरा आणि खाली आद्याक्षरांची सही समोर येते. म्हणून ‘कामात गुंतवून घ्या, विसर पडेल’ हा एरवी उपयोगी पडणारा सल्ला इथे बऱ्याचदा उलटा ठरतो.

विसर पडणे हेच बरे होण्याचे लक्षण, हेही गृहीतच. मृत व्यक्तीपासून मन सोडवून घेणे हे शोकाचे कार्य, असे फ्रॉइड यांनी 1917 च्या निबंधात मांडले होते. पण 1920 मध्ये त्यांची मुलगी सोफी गेली, आणि 1929 मध्ये पुत्रशोक झालेले आपले सहकारी-मित्र लुडविग बिन्सवांगर यांना लिहिलेल्या पत्रात गेलेल्याची जागा भरून निघत नाही आणि तसे असणेच योग्य, या आशयाची कबुली त्यांनी दिली. 1996 नंतरच्या अभ्यासांत मृताशी चालू राहणाऱ्या अशा मानसिक नात्याला ‘अखंड अनुबंध’ म्हटले जाते आणि ते सहसा विकृती मानले जात नाही.

याचा अर्थ कोणताही शोक उपचारांच्या कक्षेत येत नाही असा नव्हे. तीव्र ओढ किंवा सततचा ध्यास दीर्घकाळ न ओसरता दैनंदिन व्यवहार अडवू लागला, तर त्याला ‘प्रदीर्घ शोक विकार’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निकषांत प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची मर्यादा आहे. यांपैकी कोणत्याही व्याख्येत मृत व्यक्ती नातलग असण्याची अट नाही; जोडीदार, पालक, अपत्य यांच्या जोडीने ‘जवळची अन्य व्यक्ती’ असा उल्लेख जागतिक वर्गीकरणात स्पष्टपणे आहे, आणि त्यात सहकारीही बसतो.