वाड्याचं लाकूड खरंच सडलंय का? पाडण्याआधी एवढं तपासा

जुन्या वाड्याचा किंवा देवळाच्या सभामंडपाचा विषय निघाला की गावात एकच वाक्य ऐकू येतं, "लाकूड सडलंय, पाडून स्लॅब टाका." मग सागाचे खांब आणि तुळया टेम्पोत भरून मिळेल त्या भावात जातात. पण बऱ्याच वेळा सडलेलं असतं ते फक्त हातभर टोक. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला पुण्याचा विश्रामबागवाडा बघा. दोनशे वर्षं उलटली, तरी त्याच्या दर्शनी भागातलं नक्षीदार लाकडी काम आजही बघायला मिळतं.

लाकूड का सडतं?
लाकूड नुसत्या वयाने सडत नाही, ओलीने सडतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर सडवणारी बुरशी वाढत नाही. वाळवीलाही ओल लागते. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग ती खाते.

कुठं बघायचं?
• खांबाचा पाय, म्हणजे तळखड्यावर टेकलेला भाग
• भिंतीत गेलेलं तुळईचं टोक
• माळवद किंवा कौलं गळतात त्याखालचं लाकूड

कसं तपासायचं?
1) हातोडीने हलकेच ठोका. टणक आवाज आला तर चांगलं, पोकळ आवाज आला तर आत शंका.
2) पोत्याचं दाभण टोचा. चांगल्या लाकडात ते जेमतेम शिरतं, सडक्यात सहज घुसतं. कुठपर्यंत घुसतं तिथपर्यंत खडूने खूण करा.
3) बारीक छिद्रं दिसली तर जागा झाडून खाली कागद पसरा. आठ दिवसांनी कागदावर ताजा भुसा दिसला तर किडा जिवंत आहे.
4) भिंतीवर, खांबावर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी.

उपाय कोणत्या क्रमाने?
आधी गळती बंद करा आणि पावसाचं पाणी भिंतीपासून लांब काढा. ओल तशीच ठेवून औषध मारलं तर पैसे वाया. वाळवीचं औषध जाणकाराकडूनच मारून घ्या. त्यानंतर सुतार बोलवा. सडलेला तेवढाच भाग कापून तिथं सुकलेल्या सागाचा जोड देता येतो, अख्खा खांब बदलायची गरज नसते. मात्र कापण्याआधी तुळईला टेकू लावलाच पाहिजे.

हे करू नका
खांबाच्या पायाशी सिमेंट थापू नका, ओल आत कोंडते. तिथं चुन्याचं काम बरं. ओल्या लाकडाला ऑईलपेंट देऊ नका. गाडीचं जळकं ऑईलही लावू नका. ते वरवर राहतं, आतला किडा मरत नाही, शिवाय देवळात दिवा-समई असते.

तुळई वाकली असेल किंवा खांब कलला असेल तर स्वतः प्रयोग नको. खालची वर्दळ थांबवा आणि इंजिनिअरला दाखवा. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

तपासणीला एक दुपार आणि एक दाभण पुरतं. पाडायचं तर नंतरही पाडता येईल, पण विकलेला जुना साग परत मिळणार नाही.