गुपिताचा धनी कोण?

जुन्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, खाम नदी ओलांडली की छावणी लागते. गुरुवारच्या बाजारास येणाऱ्या मंडळींना ती गुराढोरांचा व्यवहार आणि भावाची घासाघीस यांमुळे परिचित आहे. परंतु सत्ता, गुप्तता आणि मनुष्यस्वभाव यांविषयी ज्यांस विचार करावयाचा आहे, त्यांनी ह्या छावणीतील एका जुन्या रहिवाशाची आठवण ठेवावी. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. १८२४ च्या अखेरीस तो निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेत नेमणूक होऊन येथे आला, तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कामास म्हणून विलायतेहून धाडलेला हा मुलगा पुढे देशी भाषांत निपुण झाला. परक्याच्या तोंडी आपली भाषा आली म्हणजे माणसे त्याच्याशी मन मोकळे करतात, हे निराळे सांगावयास नकोच.

पुढे टेलरला ठगांच्या जबान्या ऐकण्याचे काम करावे लागले, आणि त्यांतून १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्याची कादंबरी निघाली. विलायतेत ती अतिशय गाजली. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांची कबुली देतो. तथापि वाचकास खरा धक्का बसतो तो ह्या आकड्याने नव्हे. अमीर अली गोड बोलणारा, अदबशीर आणि रसिक आहे. त्याचे बोलणे ऐकणाऱ्या साहेबास त्याचा तिटकारा वाटतो आणि मोहही पडतो. ठगांच्या टोळीत गळा आवळणाऱ्यास भुट्टोट म्हणत, खड्डा खणणाऱ्यास लुघाई म्हणत. पण ह्या दोघांच्या आधी 'सोथा' लागे. सोथा म्हणजे वाटसरूशी ओळख काढून, त्यास सोबतीचा भरवसा देऊन टोळीत आणणारा मनुष्य. मग 'तमाखू लाव' असा एखादा साधा शब्द उच्चारला की तीच खुणेची झिरणी होई. म्हणजे ठगाचे पहिले हत्यार रुमाल नसून विश्वास हे होते. मनुष्य शत्रूपासून सावध असतो. सोबत्यापासून तो सावध कसा राहणार?

आणि गुपित केवळ परक्यासच फसविते असेही नाही. अमीर अलीचे आईबाप ठगांनीच मारले होते, आणि त्या ठगांपैकीच एकाने त्यास पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले होते. ही गोष्ट त्याच्यापासून लपविली गेली. परिणामी एके दिवशी त्याने स्वतःच्या सख्ख्या बहिणीस ठार केले, आणि तिच्या गळ्यातील नाण्यावरून त्यास ते पुढे कळले.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. सरकारने ठग पकडले कसे? माफीचे साक्षीदार करून. एकास जीवदान द्यावयाचे आणि त्याच्याकडून बाकीच्यांची नावे काढावयाची. १८३६ च्या कायद्याने तर केवळ ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्यास जन्मठेप ठरविली. ज्याचा जीव जबानीवर तरणार, त्याच्या जबानीत खरे किती आणि साहेबास आवडेल असे किती, ही शंका अलीकडच्या इतिहासकारांनी घेतली आहे, आणि ती वाजवी आहे. १९०४ मध्ये ठगी व दरोडा खाते जाऊन त्याच्या जागी गुन्ह्यांची गुप्त वार्ता ठेवणारे मध्यवर्ती खाते आले. ठगाने वाटसरूचा विश्वास वापरला. सत्तेने ठगांचा आपसांतील विश्वास वापरला. हेतू निराळे होते खरे, पण गुपिताची किल्ली दोघांनीही मनुष्याच्या भीतीत आणि लोभातच शोधली.

ही किल्ली सर्वांस लागू पडते, असे मात्र नाही. ते टेलरला त्याच्याच आयुष्यात पाहावे लागले. छावणी सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो शोरापूर संस्थानाचा, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या सुरपूरचा, कारभार पाहू लागला. तेथील बालराजा वेंकटप्पा नायक त्याच्या देखरेखीखाली वाढला आणि त्यास 'अप्पा' म्हणू लागला. १८५३ मध्ये राज्य राजाच्या स्वाधीन झाले. १८५८ मध्ये राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि तो पकडला गेला. कैदेत त्यास भेटावयास अप्पाच आले. रेसिडेंटापुढे सर्व सांगितल्यास जीव वाचण्याचा संभव होता. पण आपणास चिथावणाऱ्यांची नावे राजाने दिली नाहीत. देशबांधवांचा घात करून जगण्यापेक्षा मरण बरे. मात्र चोराप्रमाणे फाशी न देता आपणास तोफेच्या तोंडी द्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. शेकडो जबान्यांवर ज्याने कीर्ती मिळविली, त्यास आपण वाढविलेल्या मुलाकडून एक नावही मिळू नये, ह्यात त्या मुलाचे थोरपण आहे. टेलरनेही ती हकिकत आत्मचरित्रात न लपविता लिहिली, हे त्याच्या पदरात घातले पाहिजे.

त्याच पुस्तकात आणखी एक गुपित आहे. राजा चोविसाव्या वर्षी मरणार असे त्याच्या जन्मपत्रिकेत वर्तविले होते, आणि राणीने ते टेलरला विश्वासाने सांगितले होते. मोजक्याच माणसांस ते ठाऊक होते. राजाची फाशी रद्द होऊन चार वर्षांची कैद ठरली. पण मद्रासेकडे नेत असता वाटेतच, बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. पत्रिकेवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एका आईचा शब्द टेलरने वर्षानुवर्षे पोटात ठेवला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या मोठ्या घरांतही गुपिते असतातच. स्थळ पाहताना दडविलेले दुखणे, वडील भावाने काढलेले आणि धाकट्यांस न सांगितलेले कर्ज, सुनेच्या माहेरची एखादी नाजूक गोष्ट. ही सारी एका तागडीत तोलू नयेत. सुनेची लाज झाकणारी सासू आणि कर्ज झाकणारा कर्ता, दोघेही तोंड मिटूनच बसतात. परंतु पहिलीने दुसऱ्याचे दुःख सांभाळलेले असते, तर दुसऱ्याने इतरांचा अधिकार आपल्याकडे दाबून ठेवलेला असतो. म्हणून प्रश्न एवढाच विचारावा: हे गुपित ज्याच्यासंबंधी आहे, ते त्याच्या हितासाठी राखले आहे की त्याजवर आपला ताबा राहावा म्हणून? अमीर अलीस जे सांगितले गेले नाही, त्याने त्याच्या बहिणीचा जीव घेतला. वेंकटप्पाने जे सांगितले नाही, त्याने इतरांचे जीव राखले. मौन दोन्हीकडे होते. पण एकाची किंमत दुसऱ्याने दिली, आणि दुसऱ्याची किंमत मौन धरणाऱ्याने स्वतः भरण्याची तयारी ठेवली.