एक रुपयाच्या नोटेवरचं उपनगर

आहेराच्या पाकिटात शंभराचे एकशे एक करायला जपून ठेवलेली एक रुपयाची नोट घरात असेल, तर जरा उलटी करून बघा. मागच्या बाजूला नाण्याच्या चित्राभोवती समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसतो. तो 'सागर सम्राट'. ज्यानं मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं, तो हा जपानी बनावटीचा रिग. नोट हजारदा हातातून जाते, पण त्या सांगाड्यावर माणसं राहतात, जेवतात, पत्ते कुटतात आणि घरी जायचे दिवस मोजतात, हे कुणाच्या मनातही येत नाही.

तेल लागलं त्याची वेळही नाट्यमय होती. ऑक्टोबर १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव भडकले. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ चक्क बैलगाडीतून संसदेत गेले. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यापेक्षा थोडं लांबच, 'सागर सम्राट'च्या विहिरीला तेल लागलं. मे १९७६ पासून ते काढायला सुरुवात झाली. या जागेचं नाव बॉम्बे हाय. यातलं 'हाय' म्हणजे भूगर्भातला उंचवटा. तळतळाट नव्हे आणि नमस्कारही नव्हे. कागदोपत्री आता 'मुंबई हाय' म्हणतात, पण कामावरची माणसं अजून 'बॉम्बे हाय'च म्हणतात.

आजूबाजूच्या तेलक्षेत्रांची नावं वाचली तर आपण झवेरी बाजारात आलो की काय असं वाटतं: हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम, रत्ना. मध्येच एक बसीन, म्हणजे आपलं वसईच.

आता एक गोष्ट स्पष्ट करून टाकू, कारण बातम्यांत कायम गोंधळ असतो. रिग विहीर खणतो आणि पुढच्या कामाला निघून जातो. प्लॅटफॉर्म तिथेच राहून वर्षानुवर्षं तेल-वायू काढतो. रिग भाडेकरू, प्लॅटफॉर्म घरमालक. 'सागर सम्राट'नं मात्र म्हातारपणी जात बदलली. त्याचं रूपांतर करून डिसेंबर २०२२ मध्ये त्याला उत्पादनाच्या कामाला लावलं. भाडेकरू घरमालक झाल्याचं मुंबईतलं हे दुर्मिळ उदाहरण.

रिगवरच्या नोकरीतल्या पदांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. टूलपुशर कुठलंही टूल ढकलत नाही. तो रिगवरच्या खोदकामाचा मुकादम, ड्रिलरच्याही वरचा. रफनेक हा ड्रिल फ्लोअरवर पाइप जोडणारा. राउस्टअबाउट म्हणजे डेकवरचं पडेल ते काम करणारा. कॅम्प बॉस लष्करातला वाटतो, प्रत्यक्षात जेवणखाण, चादरी आणि खोल्या बघणारा गृहस्थ, आणि चौदा दिवसांच्या ड्यूटीत ज्याच्याशी वैर परवडत नाही असा तोच एक माणूस. स्थळ सांगून आलं आणि मुलगा 'मड इंजिनिअर' असेल तर नाक मुरडू नका. विहिरीत सतत फिरवला जाणारा तो चिखल साधा नसतो. तो पातं थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनानं खालचं तेल-वायू दाबून धरतो. चिखल हलका झाला तर विहीर उसळते. म्हणून चिखल बघणाऱ्या माणसाला मान असतो.

आणि मग प्राणिसंग्रहालय. रिगच्या मनोऱ्यावर सुमारे २५ मीटर उंचावर जिथे डेरिकमन पाइप आवरत उभा असतो ते 'मंकी बोर्ड'. ड्रिलरची खोली 'डॉगहाउस'. पाइप ठेवायची भोकं 'माउस होल' आणि 'रॅट होल'. पाइप वर चढवण्याआधी ठेवायचा लांबट ओटा 'कॅटवॉक'. फॅशनवाल्यांशी काही संबंध नाही. पाइपलाइनच्या आतून दाबानं सोडलेला, खरवडत जाणारा बोळा म्हणजे 'पिग'. त्याला एका टोकाला 'लाँच' करतात आणि दुसऱ्या टोकाला 'रिसीव्ह'. विहिरीत एखादं अवजार तुटून पडलं तर ते 'फिश' आणि ते काढायच्या उद्योगाला 'फिशिंग'. "तीन दिवस फिशिंगच चाललंय" असं साहेब वैतागून म्हणाले, तर कोळंबी मिळणार नाही हे समजून घ्यायचं. विहिरीच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हच्या झुंबराला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. यातली बहुतेक नावं जमिनीवरच्या जुन्या अमेरिकी विहिरींवरून आली आणि समुद्रात तशीच राहिली.

कामाला जायचं ते जुहूहून. जिथे १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, त्याच जुहूहून हेलिकॉप्टरं उडतात. बसण्याआधी बॅगेबरोबर माणसाचंही वजन होतं. सगळ्यांसमोर. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०१५ पासून खांदेसुद्धा मोजतात. २२ इंचांपेक्षा रुंद खांदेवाल्याला मोठ्या खिडकीजवळच बसावं लागतं, कारण पाण्यात पडल्यावर लहान खिडकीतून तो निघणार नाही. व्यायामाचा असाही तोटा.

हेलिकॉप्टर पाण्यात पडण्याची रंगीत तालीम गोव्यात बेतुलला होते. तिथे ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या समुद्री बचाव केंद्राचं उद्घाटन झालं. अशा प्रशिक्षणात हेलिकॉप्टरच्या केबिनची प्रतिकृती पाण्यात सोडतात आणि उलटी करतात, आत पट्टा लावलेले तुम्ही. उलटी का? खऱ्या हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स डोक्यावर असतो. पाण्यात पडलं की जड बाजू खाली जाते. नियम असा: एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, केबिन फिरायची थांबू द्यायची, खिडकी ढकलायची आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. प्रत्येकाचा हात आधी पट्ट्याकडेच जातो. पण पट्टा सुटला की माणूस तरंगतो आणि वर कुठलं, खाली कुठलं हेच कळेनासं होतं. नाकात पाणी गेलेला माणूस हा क्रम जन्मात विसरत नाही.

प्लॅटफॉर्मवर काडेपेटी नाही, लायटर नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. ज्या क्षेत्रांतल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, बसीन त्यातलंच, तिथे दाढीवर आक्षेप येतो, कारण केसांमुळे श्वसनाचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. खोडी अशी की दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेला की तो आधी नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणून हुश्श करणारा माणूस खरा धोक्यात असतो.

या सगळ्यात विक्षिप्त राहणी पाणबुड्यांची. जहाजावर एक पोलादी कोठी असते, तिच्यात समुद्राच्या तळाइतका दाब ठेवलेला असतो आणि पाणबुडे तिच्यातच राहतात. एका वेळी तीन-चार आठवडेसुद्धा. जेवण झडपेतून आत येतं. श्वासाच्या हवेत हेलियम मिसळलेला असल्यामुळे सगळे डोनाल्ड डकसारखे बोलतात. आवाज सुलटा करणारं यंत्र लावल्याशिवाय वरच्यांना कळत नाही. बॉम्बे हायला पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. तेवढ्या दाबातून हळूहळू बाहेर यायला तीन-चार दिवस लागतात. अंतराळस्थानकातून माणूस काही तासांत जमिनीवर उतरतो. हा आपल्या पायाखाली ७५ मीटरवर, आणि घरी पोहोचायला याला जास्त वेळ.

इथे चटपटीतपणा थोडा बाजूला ठेवावा लागतो. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. बॉम्बे हायच्या परिसरात 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या आचाऱ्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवलं. त्यानंतर जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायूची नळी फुटली, आग लागली आणि सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. त्या परिसरात ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली. घरी बोट कापलं तर हळद लावतो. तिथे तीच जखम हवामान, क्रेन आणि नशीब यांच्या हाती जाते.

त्या जहाजावरच्या दाबाच्या कोठीत तेव्हा सहा पाणबुडे होते. सगळ्यांनी जहाज सोडलं, यांना सोडता येईना. दार उघडलं असतं तर दाबातल्या फरकानंच मेले असते. ३६ तासांनी त्या सहाही जणांची सुटका झाली. जहाज पुढे बुडालं. यावर अजून सिनेमा कसा आला नाही, हे मला पडलेलं कोडं आहे.

जगातल्या गमती थोडक्यात. कॅस्पियन समुद्रात अझरबैजानचं 'नेफ्त दाशलारी' हे १९४९ पासूनचं तेलनगर आहे, मुद्दाम बुडवलेल्या जहाजांच्या पायावर उभं केलेलं. तिथे रस्ते, इमारती आणि बेकरीसुद्धा. नॉर्वेचा 'ट्रोल ए' ४७२ मीटर उंच, आणि १९९५ मध्ये तो उभाच्या उभा ओढत नेला. त्याच्या पोकळ पायात, समुद्रसपाटीखाली ३०३ मीटरवर, २००६ मध्ये केटी मेलुआनं गाण्याचा कार्यक्रम केला. नॉर्वेत दोन आठवडे काम आणि चार आठवडे सुट्टी. आपल्याकडे हे मोठ्यानं वाचू नये.

आपलं गणित चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. रोज बारा तासांची पाळी. या गणितात एक गंमत दडली आहे. चौदा अधिक चौदा अठ्ठावीस, आणि तेरा अठ्ठावीस तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षानं चक्र फक्त एका दिवसानं सरकतं, लीप वर्षी दोन. याचा अर्थ, तुमच्या लग्नाचा वाढदिवस एकदा ड्यूटीत अडकला की कागदावर तो दहा-अकरा वर्षं तिथेच अडकून राहू शकतो. बायकोला हे गणित समजावून पाहा.

दिवाळीला मात्र पंचांग वाचवतं. तिथी कधी ३५४ दिवसांनी येते, अधिक महिना आला तर ३८४ नी. तीन वर्षांत एक अधिक महिना धरला तर बेरीज १०९२, म्हणजे बरोब्बर एकोणचाळीस अठ्ठावीस. त्यामुळे सलग तीन दिवाळ्यांपैकी एक किंवा दोन समुद्रात जातात, तिन्ही कधीच नाहीत. धोंड्याच्या महिन्याचे जावयावर असेही उपकार. गणपतीची गोष्ट वाईट, कारण चतुर्थी ते चतुर्दशी अख्खी एका ड्यूटीत गडप होऊ शकते.

अर्थात हे सगळं कागदावर. चौदावा दिवस कॅलेंडरवर संपत नाही, बदली माणूस हेलिपॅडवर उतरला की संपतो. जुलैत ढग खाली आले, जुहूहून उड्डाण रद्द झालं की बॅग भरून, दाढी करून, घरी "निघतोय" असं कळवून बसलेला माणूस गुपचूप बूट काढतो आणि मेसमध्ये जाऊन विचारतो, उद्या नाश्त्याला काय आहे.