विभावरी शिरूरकर : एका नावाची कथा

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव छापलेले असते, यात आपणांस काहीच विशेष वाटत नाही. परंतु साहित्याच्या इतिहासात असा एक काळ होऊन गेला की, त्या काळी स्त्रीने स्वतःचे नाव ग्रंथावर घालणे हे धाडसाचे कृत्य समजले जाई. आपल्या मराठी भाषेतील एका श्रेष्ठ कादंबरीकर्त्रीनेही आरंभी आपले नाव झाकून ठेविले होते. ते का झाकावे लागले आणि त्या झाकलेल्या नावाने मराठी कादंबरीला काय दिले, हे विद्यार्थी-वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ती 'एका स्त्रीने' लिहिली आहे, एवढाच उल्लेख होता. १८४७ मध्ये 'जेन एअर' ही कादंबरी निघाली ती 'करर बेल' या नावाने. हे नाव घेणारी शार्लट ब्रॉन्टे एका धर्मोपदेशकाची कन्या होती. १८५९ मधील 'ॲडम बीड' या कादंबरीवर जॉर्ज एलियट असे पुरुषाचे नाव होते. ही कादंबरी इतकी गाजली की, लिगिन्स नावाचे कोणी गृहस्थच तिचे लेखक आहेत अशी वार्ता पसरली आणि अखेर मेरी ॲन इव्हान्स या विदुषीला आपले खरे नाव उघड करावे लागले. स्त्रीची कादंबरी म्हटली की टीकाकार ती हलक्या मापाने मोजतील, ही भीती या पुरुषी नावांच्या मुळाशी होती. शिवाय मेरी ॲनच्या बाबतीत आणखी एक कारण होते. जॉर्ज हेन्री ल्यूइस या ज्या विद्वानासमवेत तिने संसार केला, त्यांस कायद्याने पहिल्या पत्नीपासून फारकत मिळू शकत नव्हती. त्यामुळे सभ्य समाजाने तिला दीर्घकाळ दूर ठेविले होते.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठी स्त्रिया कादंबरी लिहू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकातच. काशीबाई कानिटकर यांची 'रंगराव' ही कादंबरी त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्त्रीने लिहिणे ही अपूर्व गोष्ट उरली नव्हती. तरीही १९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा 'विभावरी शिरूरकर' हे नाव कोणाचे, हे वाचकांस ठाऊक नव्हते. विभावरी म्हणजे रात्र. आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे गाव. रात्रीच्या पडद्याआडून कोणी एक शिरूरची स्त्री बोलते आहे, एवढेच काय ते त्या नावावरून कळत होते.

या नावामागील लेखिका होत्या बाळूताई खरे. त्यांचा जन्म १९०५ सालचा. वडील अनंतराव शिक्षक होते व विचारांनी पुढारलेले होते. आई इंदिराबाई यांनी अनेक वर्षे दुधाचा व्यवसाय समर्थपणे चालविला. मुलींनी शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ही आकांक्षा त्या घरात होती. पुण्याजवळ हिंगणे येथे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाचे जे कार्य उभारले होते, तेथे बाळूताईंचे शिक्षण झाले. महर्षींचे आचरण व वामन मल्हार जोशी यांचे चिकित्सक विचार यांचा संस्कार त्यांच्या मनावर तेथेच झाला. पुढे त्या स्वतः कन्याशाळेत शिक्षिका झाल्या.

येथे प्रश्न असा उभा राहतो की, अशा वातावरणात वाढलेल्या विदुषीने नाव का लपवावे? त्याचे उत्तर त्यांच्या कथांच्या विषयात आहे. शिक्षणाने स्त्रीचे कल्याण होईल असे सुधारकांनी सांगितले होते व ते खरेही होते. परंतु शिकलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे कोणी विचारले नव्हते. ती मिळवती होते, तिच्या मिळकतीवर घर चालते, आणि म्हणूनच तिचे लग्न लांबणीवर पडते. हुंड्याच्या बाजारात तिचे शिक्षण कामास येत नाही. तिलाही मन आहे, शरीर आहे, प्रेमाची ओढ आहे, हे उघडपणे म्हणण्याची सोय नव्हती. बाळूताईंनी ते म्हटले. स्त्रीचे हे अंतरंग स्त्रीनेच इतक्या स्पष्टपणे उघड करावे, याने मराठी समाजात केवढी खळबळ उडाली! सभांतून, नियतकालिकांतून टीकेचा भडिमार झाला. ही लेखिका कोण, याचे तर्क घरोघरी चालले. मुलींना शिकविणाऱ्या शिक्षिकेचे नाव त्या वेळी उघड झाले असते, तर तिच्या नोकरीचे व मानाचे काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्या मते इंग्रज लेखिकांच्या आणि विभावरींच्या टोपणनावांत एक महत्त्वाचा भेद आहे. ब्रॉन्टे भगिनींनी पुरुषी नावाचा भास निर्माण केला आणि मेरी ॲनने तर उघडच पुरुषाचे नाव घेतले. आपण स्त्री आहोत हेच त्यांना झाकावयाचे होते. बाळूताईंनी स्त्रीचे नाव सोडून स्त्रीचेच दुसरे नाव घेतले. कोणती स्त्री बोलते हे लपले. परंतु स्त्रीच बोलते आहे हे लपले नाही, आणि लपू नये अशीच लेखिकेची इच्छा असावी. कारण तोच मजकूर पुरुषाच्या नावाने आला असता तर ती कल्पना ठरली असती. स्त्रीच्या नावाने आल्यामुळे ती साक्ष ठरली.

कथासंग्रहापाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला ही पतीने टाकलेली स्त्री आहे. या कादंबरीचे मर्म समजण्यासाठी त्या वेळचा कायदा ध्यानी घेतला पाहिजे. काही जातींत काडीमोडीची रूढी होती व बडोदे संस्थानात १९३१ साली घटस्फोटाचा कायदाही झाला होता. परंतु एरवी हिंदू स्त्रीला विवाहबंधनातून सुटण्याचा मार्ग नव्हता. पुरुषाला मात्र पहिली पत्नी असताना दुसरी करण्यास कोणी अडवीत नसे. अशा स्थितीत टाकलेल्या स्त्रीने उरलेले आयुष्य कसे कंठावे? अचला विवाहाच्या बंधनाबाहेर प्रेमाचा व मातृत्वाचा हक्क मागते. ल्यूइसच्या घरात मेरी ॲनपुढे उभा असलेला प्रश्न तो हाच नव्हे काय? मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. कायद्याला जे सुचावयास वीस वर्षे लागली, त्याची वेदना कादंबरीने आधीच बोलून दाखविली होती. १९३५ साली 'विरलेले स्वप्न' ही दैनंदिनीच्या रूपातील कादंबरी प्रसिद्ध झाली.

यानंतर त्यांच्या आयुष्याने निराळे वळण घेतले. कन्याशाळेतील नोकरी सोडून त्यांनी सरकारी सेवा पत्करली व सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये त्या काम पाहू लागल्या. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. अशा जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवीत. त्यांना हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून बाहेर जाता येत नसे. पाळण्यातील मूलही गुन्हेगारच! कंजर, सांसी ही नावे आपल्या ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखातही अपरिचित नाहीत. कुंपणाआडचे हे जीवन जवळून पाहून त्यांनी 'बळी' ही कादंबरी लिहिली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पांढरपेशा स्त्रीच्या दुःखावर लिहिणारी लेखिका आता ज्यांना कोणी माणूस मानीत नव्हते, त्यांच्या दुःखावर लिहू लागली. कित्येकांच्या मते हीच त्यांची सर्वश्रेष्ठ कृती होय.

१९३८ साली चित्रपट-दिग्दर्शक व लेखक विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह होऊन त्या मालती बेडेकर झाल्या. पुढच्याच वर्षी विश्रामरावांची 'रणांगण' ही कादंबरी निघाली. एकाच घरात दोन श्रेष्ठ कादंबरीकार, असा हा दुर्मिळ योग होता. कालांतराने नावाचे गुपित उघड झाले. नोकरी सोडल्यावर मालतीबाईंनी पुण्याच्या महिला सेवाग्राम या संस्थेत निराधार स्त्रियांसाठी सेवा केली. 'शबरी' ही कादंबरी आणि वडिलांच्या जीवनावरील 'खरेमास्तर' ही त्यांची नंतरची उल्लेखनीय पुस्तके. नव्वदी ओलांडून २००१ साली त्यांचे निधन झाले.

आमचे हरिशंकरपुरम ज्या नगरात आहे, त्या ग्वाल्हेरचा मराठी स्त्रीच्या लेखणीशी एक संबंध आहे व त्याचा येथे उल्लेख करणे उचित होईल. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री बसली, ती १९६१ साली, याच ग्वाल्हेर नगरीत. त्या अध्यक्षा म्हणजे इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापिका आणि 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथाच्या कर्त्या कुसुमावती देशपांडे. १९३३ साली एका शिक्षिकेला आपले नाव पडद्याआड ठेवावे लागले होते. त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी आपल्या गावात एका प्राध्यापिकेचे नाव भर सभेत, सन्मानाने पुकारले गेले. हा पालट आपोआप घडून आला नाही. निंदा सोसूनही लिहीत राहिलेल्या स्त्रियांनी तो घडविला, आणि त्यांत विभावरी शिरूरकर यांचे स्थान फार वरचे आहे.

आज आमच्या शाळांतील मुली निबंधाखाली निःसंकोचपणे स्वतःचे नाव लिहितात, आणि ते योग्यच आहे. मात्र नाव लिहिण्याची मोकळीक मिळाली म्हणजे सत्य लिहिण्याचे धैर्यही मिळाले असे होत नाही. ते ज्याचे त्याने मिळवावयाचे असते. विभावरींच्या ग्रंथांवर नाव खोटे होते, परंतु आतील एकेक अक्षर खरे होते. म्हणूनच ते ग्रंथ टिकले. विद्यार्थी-मित्रांनी वाचनालयातून 'बळी' अवश्य मिळवून वाचावी, एवढीच आमची सूचना आहे.