डब्यात काय आहे, काकू?

परभणीच्या घरून परत निघताना बॅगेचं वजन दुप्पट होतं, हा नियमच आहे. पण या वेळी बॅग नुसती पुण्याला जाणार नव्हती. ऑफिसचा तीन आठवड्यांचा प्रोजेक्ट, तोही दुबईत. माझा पहिलाच ऑनसाइट! आईने ही बातमी दुपारी गल्लीत सांगितली आणि संध्याकाळी शेजारच्या काकू स्टीलचा डबा घेऊन हजर. त्यांचा मुलगा शारजात असतो.

‘‘लेकराच्या दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या गं. तू चाललीच आहेस तर एवढे अनारसे घेऊन जा की. तो येऊन घेऊन जाईल.’’

डब्यासोबत ब्राऊन पेपरची एक पुडी होती, सेलोटेपने गच्च बांधलेली. ‘‘ही काय?’’ तर म्हणे, मुलाच्या रूममेटसाठी. त्याच्या घरच्यांनी आणून दिली होती. आत काय ते काकूंना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘काकू, उघडून बघू का?’’

काकूंचा चेहरा असा पडला की विचारू नका. आईने डोळे वटारले. परभणीत शेजाऱ्याची पुडी उघडून बघायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हटल्यासारखंच. शिवाय या काकूंनी मला लहानपणी शाळेतून आणलंय, ताप आला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसल्यात. आणि मी चार वर्षं पुण्यात काय राहिले, आता त्यांच्या पुडीवर संशय घेतेय!

तरी उघडली. कारण माझ्या डोक्यात कतारची गोष्ट फिरत होती.

पुडीत जर्दा

जुलै 2019. मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याला निघालं. नवऱ्याच्या आत्याने हनिमून पॅकेज गिफ्ट केलं होतं. बायकोला दिवस गेलेले, त्यामुळे जायचं की नाही असं चाललं होतं, पण आत्याचा आग्रह. निघताना आत्याने एक पाकीट दिलं. तिथल्या मैत्रिणीसाठी जर्दा आहे, एवढंच सांगितलं. दोह्याच्या विमानतळावर बॅग उघडली तर आत सुमारे 4 किलो चरस! दोघांनाही 10 वर्षांची शिक्षा झाली. मुलगी तुरुंगातच जन्मली.

तुमच्या-माझ्यासारखीच नोकरी करणारी माणसं होती ती. व्हिसासाठी रांगेत उभं राहायचीसुद्धा गरज पडली नव्हती, कारण ऑगस्ट 2017 मध्ये कतारने 80 देशांच्या नागरिकांना व्हिसा माफ केला, त्यात भारतही होता. आपण सगळे खूश झालो, तिकीट काढा नि निघा! पण ही सोय जशी आपली, तशी पुडी पाठवणाऱ्यांचीही. व्हिसासाठी पंधरा दिवस थांबावं लागलं असतं तर निदान दोन प्रश्न तरी विचारले गेले असते.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मुलीच्या वडिलांनी इकडे भारतात अमली पदार्थविरोधी विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे, लेखी तक्रार केली. नवऱ्याच्या फोनमध्ये आत्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग सापडलं. एनसीबीने तपास केला, अटका केल्या, आणि या दोघांना फसवलं गेलंय हे राजनैतिक मार्गाने कतारपुढे मांडलं गेलं. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने खटला परत चालवायला लावला, मार्च 2021 मध्ये दोघं निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये लेकीला घेऊन मुंबईत उतरले.

म्हणजे बघा, गुन्हा घडला मुंबईतल्या घरात, पुरावा होता मुंबईत, आरोपी मुंबईत. दोह्याच्या कोर्टाला फक्त बॅग दिसत होती. बाकीचं सगळं इथल्या यंत्रणेनेच दाखवायचं होतं, आणि तिने ते दाखवलं. मला कौतुक आहे. पण तुरुंगातले वीस-एकवीस महिने त्यात गेले. आणि हे सगळं हललं ते एक बाप दारं ठोठावत राहिला म्हणून. ज्याचा बाप परभणीत शेतमजूर आहे, ज्याला एनसीबी हे नावही माहीत नाही, त्याचं काय?

ट्रॉफी आणि खसखस

दुसरी केस तुम्हाला आठवत असेल, टीव्हीवर खूप गाजली होती. एप्रिल 2023, मुंबईची एक तरुण अभिनेत्री वेबसीरिजच्या ऑडिशनसाठी शारजाला गेली. निघताना तिच्या हातात एक ट्रॉफी दिली गेली होती. ऑडिशन वगैरे सगळं थापच होती. ट्रॉफीत गांजा आणि खसखस भरलेली. ती तिथे तुरुंगात गेली, इकडे आईने मुंबई पोलिसांकडे तक्रार केली. क्राईम ब्रँचने एका बेकरीवाल्याला आणि त्याच्या साथीदाराला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कारण काय, तर कुत्र्यावरून झालेलं जुनं भांडण! आणखी काही जणांनाही असंच अडकवल्याचा पोलिसांचा आरोप होता. मुलगी एप्रिलअखेर तुरुंगातून सुटली, पण घरी यायला ऑगस्ट उजाडला.

गांजा समजला. पण खसखस? ही केस वाचेपर्यंत, खरं सांगते, मला काही कल्पना नव्हती. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं हा अमली पदार्थाचा गुन्हा आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, त्याला अफूचा अंश चिकटलेला असू शकतो. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस कायदा बोंडं, देठ सगळं पकडतो, पण बी तेवढं सोडतो. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारच परवाने देऊन अफू पिकवून घेतं, आणि त्याच बोंडांतली खसखस किराणा दुकानात शंभर ग्रॅमच्या पाकिटात मिळते. आपली आई ती लाडवात घालते. आणि अनारसे तर थापतातच खसखशीवर!

म्हणजे काकूंच्या डब्यात काय होतं, ते आलं लक्षात?

दुबईचा कायदा किती बारीक बघतो, याचा एक जुना किस्सा आहे. 2008 मध्ये एका ब्रिटिश प्रवाशाला 0.003 ग्रॅम गांजासाठी चार वर्षांची शिक्षा झाली होती. तो गांजा त्याच्या बुटाच्या तळाला चिकटलेला होता. पुढे त्याला माफी मिळाली. 2022 पासून तिथला कायदा पहिल्यांदा पकडल्या गेलेल्यांसाठी थोडा सैल झालाय, पण त्या भरवशावर मी तरी अनारसे नेणार नाही.

आणि पुडी? तिच्यात ट्रामाडॉलच्या चार स्ट्रिप्स निघाल्या. रूममेट बांधकामावर आहे, पाठ धरते म्हणून गावच्या मेडिकलवाल्याने ओळखीत दिलेल्या. ट्रामाडॉल 2018 पासून आपल्याकडेही एनडीपीएसखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. अमिरातीत तर आधी आरोग्य खात्याची परवानगी काढल्याशिवाय अशा गोळ्या नेता येत नाहीत. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो! पण कस्टम्सच्या काउंटरवर मन कोण बघतं? आपल्याच कायद्याचं कलम 35 असं आहे की माल तुमच्याकडे सापडला तर तुम्हाला माहीत होतं असं कोर्ट धरून चालतं. नव्हतं, हे तुम्ही सिद्ध करायचं.

माझ्या व्हिसाबरोबर एचआरची भलीमोठी मेल आली होती. इन्शुरन्स, सिम कार्ड, ड्रेस कोड, रमझानमध्ये कसं वागायचं, सगळं. खसखशीचा ‘ख’ नव्हता. तरी मला निदान मेल तरी आली. काकूंच्या मुलाला कुणी काय सांगितलं?

तो दहावी नापास. अशा पासपोर्टवर आखातासह 18 देशांत नोकरीला जायचं तर 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते. ती काढली की नोंदणीकृत एजंट, विमा, करार, सगळं मागोमाग येतं. 2018 पासून निघण्याआधीचं एक दिवसाचं प्रशिक्षणही सुरू झालं. चांगली व्यवस्था आहे, कागदावर. पण मंजुरी लागते नोकरीच्या व्हिसाला. एजंटने याला व्हिजिट व्हिसावर नेलं आणि तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून दिला. मधली सगळी व्यवस्था एका उडीत पार! ही पळवाट सरकारला माहीत नाही असं अजिबात नाही, वर्षानुवर्षं माहीत आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत आमच्याकडची पोरं निघतात, आणि ‘नहीं तो’ चं काय होतं ते कुणी विचारत नाही.

मार्च 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत सांगितलं की परदेशातल्या तुरुंगांत 10,152 भारतीय आहेत, कच्चे कैदी धरून. त्यातले सौदीत अडीच हजारांवर, अमिरातीतही अडीच हजारांवर. मंत्रालय असंही सांगतं की बऱ्याच देशांत खासगीपणाचे कायदे कडक आहेत, कैद्याने संमती दिल्याशिवाय त्याची माहिती मिळत नाही. ठीक आहे. पण पुडी देणारा तर तिथल्या कायद्याखाली नाही ना! तो इथेच आहे, आपल्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. मग परदेशात एखादा भारतीय ड्रग्जच्या केसमध्ये पकडला गेल्याचं दूतावासाला कळलं, की इकडे आपोआप तपास सुरू व्हायला काय हरकत आहे? बापाने अर्ज करेपर्यंत का थांबायचं?

आता तुम्ही म्हणाल, आखाताचं काय सांगतेस, आम्ही तर बँकॉकला जातो. तिकडेच या! थायलंडने जून 2022 मध्ये गांजा गुन्ह्यातून काढला, नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला, आणि 2024-25 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक गांजा पुनःपुन्हा पकडला जाऊ लागला. खाऊच्या पाकिटांत, खेळण्यांत, बॅगेच्या खोट्या तळात. आणणारे बरेचदा पंचविशीतले, आपल्यासारखेच. ऑफर काय, तर तिकीट फ्री, हॉटेल फ्री, येताना फक्त एक बॅग आणायची. थायलंडने जून 2025 मध्ये नियम पुन्हा आवळले, चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. इकडे सापडतो तो बॅगवाला. बॅग भरणाऱ्याचं नाव पेपरात क्वचितच वाचायला मिळतं.

आणि गंमत बघा, हाच प्रश्न उलटा आला की आपण कसे बोलतो. 2013 च्या ऑक्टोबरअखेर गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला. लगेच चर्चा सुरू झाली ती व्हिसाची. सगळ्यांना हाकला! राज्याच्या एका मंत्र्याने तर नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली, मग माफी मागितली. नायजेरियाच्या राजनैतिक अधिकाऱ्याने सुनावलं की आमच्या लोकांना असं हाकललंत तर आमच्याकडचे हजारो भारतीयही रस्त्यावर येतील. त्याच गोव्यात तीनच वर्षं आधी, 2010 मध्ये, अमली पदार्थविरोधी पथकातल्या पोलिसांनाच ड्रग्ज विक्रेत्याशी साटंलोटं असल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. व्हिसाबद्दल जोरात बोललं की पोलीस ठाण्यातल्या मालखान्याबद्दल बोलावं लागत नाही. परक्याच्या पासपोर्टवर ओरडणं सोपं असतं.

असो. त्या रात्री मी काकूंना ट्रॉफीची बातमी मोबाईलवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, दोनदा. मग विचारलं, ‘‘त्या पोरीच्या आईनं काय केलं असेल गं तवर?’’ पुडी त्यांनी स्वतः उचलली आणि रूममेटच्या घरी परत करून आल्या. घरच्यांना राग आला म्हणे. येणारच.

अनारसे पुण्यात ऑफिसच्या पँट्रीत अर्ध्या तासात संपले. दुबईत काकूंचा मुलगा मला भेटायला मेट्रो स्टेशनवर आला, रिकाम्या हाताने उभी असलेली मी बघून हसला. म्हणाला, ‘‘ताई, बरं केलंस. आईला किती वेळा फोनवर सांगितलं, ती म्हणते खाण्याच्या वस्तूला कोण कामून धरंल.’’ मी त्याला विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? एजंटने? ‘‘छे! आमच्या कॅम्पवरचा एकजण पकडला गेला, तवा कळलं.’’

परत आल्यावर काकूंचा फोन आला. मुलाच्या तब्येतीची चौकशी झाली, तो बारीक झालाय का वगैरे झालं. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘मी चिवड्यात बी थोडी खसखस टाकत असते. पुढच्या बारीला नुसते शंकरपाळे केले तर चालतील ना?’’